मत्स्यजिऱ्यांचे आकडे आणि त्यांचे डोळे-कान

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर तलावांत मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच निघालेली माशांची पिल्ले, सोडल्याच्या बातम्या येऊ लागतात. अमुक तलावात इतके लाख जिरे सोडले, अमुक संस्थेला इतके लाख मिळाले, असा त्यांचा आशय असतो. भंडारा-गोंदियातल्या माजी मालगुजारी तलावांवर, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील असंख्य कुटुंबांची चूल अवलंबून आहे, त्यामुळे या बातम्यांना महत्त्व आहे यात शंका नाही. मात्र सोडलेला जीव त्या क्षणी पाहू शकतो का, पाण्यातली हालचाल त्याला जाणवते का, हे लाखांच्या आकड्यावरून मुळीच कळत नाही, आणि तो जगणार की नाही हे पुष्कळ अंशी त्यावरच ठरते. अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवताना काचेच्या बशीतले जिरे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यामुळे याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

रोहू, कटला, मृगळ यांची अंडी पावसाळ्यातल्या उबदार पाण्यात साधारण 14 ते 18 तासांत फुटतात. बाहेर येणारा जीव चार-पाच मिलिमीटरचा, पारदर्शक आणि पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन आलेला असतो. त्याचे तोंड उघडलेले नसते आणि डोळेही अजून कामाचे झालेले नसतात. पुढचे सुमारे तीन दिवस तो बलकावर जगतो, आणि त्याच तीन दिवसांत त्याची ज्ञानेंद्रिये विलक्षण वेगाने घडतात. निसर्गाचे वेळापत्रक मोठे काटेकोर आहे, कारण शिदोरी संपण्याच्या सुमारास तोंड उघडलेले हवे, डोळ्यांत काळे रंगद्रव्य भरलेले हवे आणि समोरचा सूक्ष्म प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, दिसायला हवा. यांतले एक जरी मागे राहिले तरी पिल्लू अन्नाने भरलेल्या पाण्यात उपाशी मरते. माशांची एखादी पिढी भरघोस निघणार की रोडावणार, याचा निकाल याच नाजूक काळात लागत असावा, असा विचार नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी 1914 मध्ये मांडला होता आणि त्यावर आजही संशोधन चालू आहे.

या घडणीचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे तो झेब्रा माशावर. हा इवलासा मासा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांतला आणि रोहूच्याच गणातला आहे. साडेअठ्ठावीस अंश तापमानात त्याचे अंडे फलित झाल्यापासून सुमारे 20 तासांत कानाच्या पिशवीत दोन चिमुकले चुन्याचे खडे, म्हणजे कर्णाश्म, दिसू लागतात. वर कुठे आणि खाली कुठे हे पिल्लाला प्रथम या खड्यांमुळे कळते. त्याच सुमारास कानाच्या मागून पेशींचा एक पुंजका अंगाच्या कडेने शेपटीकडे निघतो आणि वाटेत ठरावीक अंतरावर पेशींचे छोटे गट मागे ठेवत जातो. पेरणी करणाऱ्या पाभरीची आठवण व्हावी असे ते दृश्य असते. या गटांना न्यूरोमास्ट म्हणतात, आणि त्यांतूनच पुढे पार्श्वरेखा तयार होते. प्रत्येक गटात केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या संवेदी पेशी, म्हणजे केशपेशी, असतात आणि त्यांवर जेलीसारखी टोपी असते. पाणी हलले की टोपी कलते, आणि प्रवाह कोणत्या दिशेचा आहे किंवा जवळ कोणी झेपावत आहे का, हे पिल्लाला अंगाने कळते.

दृष्टी त्यानंतर येते. तिसऱ्या दिवशी पिल्लू सावलीला दचकू लागते आणि पाचव्या दिवसापर्यंत भक्ष्यावर नजर ठेवून त्याचा पाठलाग करू लागते. तरीही ही नजर अपुरीच असते. सुरुवातीला दृष्टिपटलावर भरपूर उजेडात चालणाऱ्या शंकूपेशीच काम करतात, अंधुक प्रकाशात उपयोगी पडणाऱ्या दंडपेशी दोनेक आठवड्यांनंतर कामाला लागतात, आणि ज्या अंतरावरून भक्ष्य टिपता येते ते फार थोडे असते. म्हणजे लहान पिल्लाला चांगला उजेड आणि अगदी जवळ, दाट असलेले अन्न, दोन्ही लागतात. गढूळ पाण्यात ते जवळपास आंधळेच असते.

ऐकण्याची गोष्ट तर आणखी लांबते. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवेचा घोट घेते आणि आपला वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, भरते. पृष्ठभागावर तेलाचा तवंग असेल तर हा घोट घेता येत नाही. म्हणूनच संगोपन तळ्यातील कीटक मारण्यासाठी तेल-साबणाचे मिश्रण वापरायचे असेल, तर ते जिरे सोडण्याच्या पुरेसे आधी वापरावे लागते. पुढे काही आठवड्यांनी वाताशय आणि आतला कान यांना जोडणारी हाडांची साखळी तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी 1820 मध्ये तिचे वर्णन केले. ती तयार झाल्यावर रोहूच्या गणातल्या माशांचे कान खऱ्या अर्थाने तीक्ष्ण होतात. जिऱ्याच्या अंगी यांतले काहीच नसते.

आता या माहितीच्या उजेडात आपल्या तलावांवर काय होते ते पाहावे. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका तलावावर भर दुपारी, प्लॅस्टिकच्या पिशव्या तलावाच्या पाण्याच्या तापमानाला येऊ न देता थेट फोडून जिरे ओतताना मी पाहिले होते. पाणी लालसर गढूळ होते आणि काठाच्या गवतात पिल्ले खाणाऱ्या चतुरांच्या अळ्या सहज दिसत होत्या. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत लाखांचा आकडा छापून आला. त्या मोसमात संस्थेच्या जाळ्याला फारसे काही लागले नाही, आणि सभासदांनी दोष नशिबाला दिला. मला त्याचे आजही वाईट वाटते, कारण तिथे नशिबाचा संबंध थोडाच होता.

मोरचुदाविषयीही, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराविषयीही, सांगायला हवे. शेवाळ मारण्यासाठी ते सर्रास वापरले जाते, पण तांब्याच्या अल्प मात्रेनेही पिल्लांच्या पार्श्वरेखेतल्या केशपेशी मरतात, हे झेब्रा माशावरील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. या पेशी दोन-तीन दिवसांत पुन्हा उगवू शकतात, आणि माणसाच्या कानातल्या केशपेशींना हे साधत नाही म्हणून त्याचा अभ्यास जगभर चालतो. परंतु शिकाऱ्यांनी भरलेल्या तळ्यात दोन-तीन दिवस बधिर अंगाने काढणे सात मिलिमीटरच्या जिवाला परवडणारे नाही.

10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहू-मृगळसारख्या, माशांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून आपल्याकडे जिऱ्यांची संख्या हा अडसर उरलेला नाही. अडसर आहे तो जिऱ्यापासून बोटुकलीपर्यंतच्या, म्हणजे पिल्लू बोटाएवढे होईपर्यंतच्या, दोन-तीन महिन्यांचा. मोठ्या तलावात जिरे सोडण्याऐवजी ते आधी तयार केलेल्या संगोपन तळ्यात वाढवून बोटभर लांबीची बोटुकली सोडली, तर तिच्याजवळ पाहणारे डोळे, ऐकणारे कान आणि जागी पार्श्वरेखा असते. खर्च वाढतो हे मान्य आहे, पण एक हजार बोटुकलीचा हिशेब एक लाख जिऱ्यांशी लावताना हा फरक गृहीत धरलाच पाहिजे.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती एवढीच आहे की, यंदाच्या बातम्यांत संख्येबरोबर तीन गोष्टी विचारून छापाव्यात: सोडलेल्या पिल्लांची लांबी किती होती, ती दिवसाच्या कोणत्या वेळी सोडली, आणि पिशव्या उघडण्यापूर्वी तलावाच्या पाण्यात किती वेळ तरंगत ठेवल्या होत्या. काठावर उभ्या असलेल्या कोणत्याही सभासदाला या प्रश्नांची उत्तरे देता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, भंडारा