बाबांच्या भुवयांसारखं पांढरं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीतली चौथीतली एक मुलगी गेल्या आठवड्यात रडवेली होऊन माझ्याकडे आली. हातात शाळेतला सरावाचा कागद होता. प्रश्न असा: 'योग्य उपमा लिहा. ______सारखे पांढरे.' तिनं लिहिलं होतं, 'बाबांच्या भुवयांसारखे पांढरे.' त्यावर लाल शाईची फुली आणि शेजारी बाईंच्या अक्षरात बरोबर उत्तर: 'दुधासारखे'.

मुलीचे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. पाळी संपवून घरी येतात तेव्हा केसांवर, मिशीवर, भुवयांवर सुताची धूळ बसलेली असते. पोरीनं रोज संध्याकाळी दारात जे पाहिलं, ते लिहिलं. दूध त्यांच्या घरी चहापुरतं येतं आणि चहात पडलं की ते पांढरं राहत नाही, हेही तिनंच मला ऐकवलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा फुल्या मीही मारलेल्या आहेत. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. पहिली दहा-बारा वर्षं तरी गाइडात छापलेलं उत्तर तेच खरं, असं मानून चालले. 'दोन वस्तूंतील साम्य चमत्कृतिपूर्ण रीतीने वर्णिलेले असते तेथे उपमा अलंकार होतो', हे वाक्य चौथीच्या पोरांकडून घोकून घेतलं आहे. 'चमत्कृतिपूर्ण' हा शब्द निम्म्या वर्गाला म्हणता येत नसे. म्हणता येणाऱ्यांनाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या वयात मलाही धड सांगता आला नसता.

खोड मोडली ती एका पहिलीतल्या मुलामुळे. 'माझ्या पोटात कावळे ओरडतायत' असं मी सहज म्हणाले, तर तो घाबरून माझ्या पोटाकडे बघत राहिला. "बाई, गिळला कसा ओ?" घरात तेलुगू बोलणारं ते लेकरू. मराठीतले कावळे आपण भुकेला लावतो हे त्याला कोण सांगणार? वर्ग हसला, तो रडला. त्या दिवशी कळलं की आपल्याला जी भाषा साधी वाटते ती अलंकारांनी खच्चून भरलेली असते, आणि लहान मूल शब्द जसा आला तसा घेतं. आपल्या सोलापुरात हा प्रश्न दुप्पट आहे. पूर्व भागातल्या एका वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी अशा चार घरच्या भाषा बसतात. पुस्तकातला चंद्र, कमळ, सागर यांतलं निम्मं या मुलांच्या डोळ्यांसमोर कधी आलेलं नसतं. समुद्र न पाहिलेल्या मुलाला 'सागरासारखं मन' सांगितलं तर त्याच्या हाती काय लागणार? ज्याची उपमा द्यायची ती वस्तू, म्हणजे उपमान, ओळखीची असेल तरच ती उपमा चालते. सोलापूरच्या मुलाचं ओळखीचं म्हणजे माग, चादर, विडीचं सूप, ज्वारीचं कणीस, पत्र्याचं छप्पर आणि कडक भाकरी.

व्याख्या सोडल्यावर मी कवितेकडे वळले. कविता नुसती म्हणायची. पहिल्यांदा मी म्हणते, मुलं ऐकतात. दुसऱ्यांदा सगळे मिळून, टाळीवर. अर्थाचं नावही काढायचं नाही. तिसऱ्यांदा म्हणताना मी ओळीचा शेवटचा शब्द गाळते आणि पोरं तो आपोआप भरतात. यमक त्यांना तेव्हाच कळलेलं असतं, नाव नंतर दिलं तरी चालतं. अनुप्रास, म्हणजे तेच अक्षर पुन्हापुन्हा येणं, तर शिकवावाच लागत नाही. 'काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले' हे भरभर म्हणायला लावलं की जीभच तो शिकवते. (राळे म्हणजे काय, हे मात्र आता घरी आजीला विचारून या असं सांगावं लागतं.)

मग अर्थाकडे. 'चांदोबा चांदोबा भागलास का' हे बाळपणीचं गाणं घ्या. मी एवढंच विचारते, "चांदोबा दमतो का रे?" वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, दमत नाही, तो दगड आहे. दुसरा म्हणतो, रोज रात्री एवढं चालतो, दमणारच की. हा वाद दहा मिनिटं चालू द्यावा. चेतनगुणोक्ती नावाचा जड शब्द ज्याला म्हणतात तो प्रकार या भांडणात पूर्ण शिकवून होतो: निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं आपण धरून चाललो आहोत, हे मुलांना स्वतःच्या तोंडून कळतं. 'ये रे ये रे पावसा, तुला देतो पैसा' यातही तेच आहे. पावसाला लाच देऊ करायची!

उपमा शिकवताना एकच प्रश्न पुरतो: "कशात सारखं?" व्याकरणाच्या पुस्तकात याला साधारण धर्म म्हणतात. उपमेय (जिचं वर्णन करायचं ती वस्तू), उपमान, साम्यवाचक शब्द हे बाकीचे तीन भाग ओळखणं सोपं असतं, पण जीव या चौथ्यात आहे. म्हणून कुठलीही उपमा आली की मी विचारते, कशात सारखं? एकानं एकदा 'सूर्य चपलेसारखा' असं ठोकून दिलं. सगळे हसले. मी विचारलं, कशात? तो म्हणाला, "असंच." त्याला शाबासकी दिली नाही. मुलांनी काहीही बोलावं आणि बाईंनी वा वा म्हणावं, या मताची मी नाही. भुवयांच्या उपमेला मात्र 'कशात' याचं उत्तर आहे, आणि ते दुधाच्या उत्तराहून नेमकं आहे.

एकदा 'सारखं' हातात बसलं की ते काढून टाकायचा खेळ. 'आजी सावलीसारखी आहे.' आता 'सारखी' पुसा. 'आजी जणू सावली.' आता 'जणू'ही पुसा. 'आजी सावलीच.' उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही तिन्ही नावं न घेता मुलं एका फळ्यावर तीन पायऱ्या चढतात. नावं मग सांगावीत. बारसं बाळ जन्मल्यावर करतात.

रूपकासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी म्हणून गेले आहेत, 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी'. यात 'सारखी' कुठेच नाही, हे पोरंच मला दाखवतात. एकदा विचारलं, भाजी विठाबाई कशी काय रे? शेतकऱ्याचा एक मुलगा म्हणाला, "दिवसभर रानात तिच्यासंगंच असतंय की माणूस." असं उत्तर मी कुठल्या गाइडात वाचलेलं नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांची 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' ही ओळही तशीच. डोंगा म्हणजे वाकडा, एवढं सांगितलं की उसाच्या पट्ट्यातल्या मुलाला पुढचं समजावावं लागत नाही.

आणि जानेवारीत तर अख्खं गाव रूपकात राहतं. आपल्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या, योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागला, त्याची आठवण म्हणून संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वजांच्या काठ्या मिरवतात. काठी पेलणाऱ्याच्या मागे धावणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला 'हे लाकूड आहे' असं सांगून बघा. तो तुम्हालाच वेड्यात काढील. जे मूल या यात्रेत, म्हणजे आपल्या गड्ड्यात, काठीला नवरदेव मानू शकतं, त्याला रूपक कळत नाही असं आपण कुठल्या तोंडानं म्हणतो?

सर्वांत मोठा खजिना मात्र घरातल्या कोड्यांचा आहे. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया.' उत्तर: चांदण्या आणि चंद्र. कोडं म्हणजे अर्धं रूपकच. उपमान सांगायचं आणि उपमेय लपवायचं. लपवलेलं शोधायला मूल आपोआप 'कशात सारखं' हा प्रश्न स्वतःला विचारतं. तेलुगूत यांना पोडुपु कथलु म्हणतात, कन्नडमध्ये ओगटु, उर्दूत पहेली. मी मुलांना सांगत असे, घरच्या भाषेतलं कोडं आणा आणि मराठीत सांगा. ज्या पोरी वर्षभर तोंड उघडत नसत, त्या विड्या वळणाऱ्या आजीकडून पाच-पाच कोडी घेऊन येत. भाषांतर करताना अडायच्या, हातवारे करायच्या, आणि बाकीचा वर्ग त्यांना शब्द पुरवायचा. मराठीचा माझा सगळ्यात चांगला तास तोच.

शिक्षकांवर सगळा दोष टाकायचा नाही. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यातून कवितेला मोकळा तास मिळवणं सोपं नाही. चाळीस कागद तपासायचे तर एकच ठरलेलं उत्तर असणं सोयीचं पडतं, हे मला ठाऊक आहे. पण निदान अशा प्रश्नाला गुण देताना मुलाला 'कशात?' असं तोंडी विचारायची मुभा असावी. पालकांनाही सांगणं आहे: तिसरीतल्या मुलाला अलंकारांचे तक्ते पाठ करायला लावणाऱ्या शिकवण्यांना पैसे देऊ नका. ती नावं पुढच्या इयत्तांत येतातच. आणि एका कवितेवर दहा प्रश्नही विचारू नयेत. दोन पुरेत. काही कविता तर नुसत्या म्हणून सोडून द्याव्यात.

आता तुमच्याकडे वळते, कारण पत्र त्यासाठीच आहे. रविवारी आपल्या अंकात मुलांचं पान असतं. त्यात मोठ्या माणसांनी मुलांसाठी लिहिलेल्या कविता येतात. त्यात परी असते, फुलपाखरू असतं, इंद्रधनुष्याची घसरगुंडी असते. एवढ्या वर्षांत मी सोलापुरात परी पाहिलेली नाही. त्या पानावर चार बोटं जागा द्या. दर आठवड्याला एकच प्रश्न छापा: उन्हाळ्यातली दुपार कशासारखी? माग बंद पडल्यावरची शांतता कशासारखी? उजनीचं पाणी नळाला आलं की घरात काय काय होतं? पहिली ते पाचवीच्या मुलांनी एका वाक्यात उत्तर पाठवावं, हवं तर घरच्या भाषेत, शेजारी मराठीत. बक्षीस नको, क्रमांक नको. पारा ४२ च्या पुढे गेल्यावर सोलापूरची मुलं दुपारीला काय म्हणतात, हे मोठ्यांनाही वाचायला आवडेल असं मला वाटतं.

निवृत्त झाल्यावरही ओसरीवर संध्याकाळी सात-आठ मुलं येतात. त्यांची वाक्यं मी एका वहीत उतरवून ठेवते. मागच्या पावसाळ्यात एका मुलानं पत्र्याकडे कान लावून सांगितलं होतं, "बाई, पाऊस आमच्या घरावर माग चालवलालाय." ते वाक्य आणि आणखी अकरा वाक्यं वेगळ्या कागदावर सोबत जोडली आहेत. शुद्धलेखन सुधारा, पण 'चालवलालाय'ला हात लावू नका. भुवयांचं वाक्य पहिलं घ्या. त्या मुलीला मी सांगितलं आहे की पेपरवाले विचार करतील, आणि ती रोज सकाळी अंक उघडून बघते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सोलापूर