साधा फ्लूच आहे ना, असं म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्याच लेआउटमध्ये एका साक्षगंधाला गेली होती. बाजूच्या खुर्चीवरची बाई सारखी खोकून राहिली होती, डोळे लाल, नाक गळतंय, हातात रुमाल. मी पर्समधून मास्क काढून लावला आणि खुर्ची जरा सरकवली तर ती म्हणे, "अहो काकू, साधा फ्लूच आहे, कोविड थोडीच आहे!" आजूबाजूचेही हसले. राग नाही आला, पण वाईट वाटलं, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळून राहिलं आहे.

मी ६३ वर्षांची आहे. दमा लहानपणापासूनचा, शुगर दहा-बारा वर्षांची, आणि न्यूमोनिया दोनदा होऊन गेला. मला कोविडही झाला आणि फ्लूही झाला, म्हणून या दोघांची तुलना कोणी माझ्यासमोर केली की गप्प बसवत नाही.

कोविड झाला सप्टेंबर २०२० मध्ये, नागपुरात बेडसाठी लोक फोनवर फोन लावत होते तेव्हा. एक दिवस फोडणीतला हिंग पार काळा झाला आणि मला वासच आला नाही, धूर दिसला तेव्हा कळलं. ताप चार दिवस, अंगदुखी, पण ऑक्सिजन ९५ च्या खाली गेला नाही आणि मी घरीच बरी झाली. थकवा मात्र तीन महिने गेला नाही, दोन पोळ्या लाटल्या की बसावं लागायचं. तरी कोविडला मी लहान म्हणणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या समोरच्या घरातले भाऊजी अंगणात खुर्ची टाकून नीट बोलत बसले होते आणि बोटाला मशीन लावली तर ऑक्सिजन ८२. त्यांना दम लागल्याचं जाणवतच नव्हतं. ते परत घरी आले नाहीत.

आणि फ्लू? २०२३ च्या महालक्ष्म्यांच्या जेवणाला नात्यातच गेली होती, तिथे दोघं-तिघं खोकत होते, पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं. तिसऱ्या दिवशी मला सडकून ताप, अंग मोडून आलं. जवळच्या डॉक्टरांनी टेस्ट न करताच अँटिबायोटिक लिहून दिलं. विषाणूवर ते चालत नाही हे मला माहीत होतं, पण विचारलं नाही, ती माझी चूक. चौथ्या दिवशी ताप उतरला, मी वरण-भात खाल्ला, मुलीला फोन करून सांगितलं की बरी आहे. सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप परत आला, दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते, उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की सुरी खुपसल्यासारखं दुखायचं आणि कफ विटकरी रंगाचा. एक्सरेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात पांढरा पट्टा. धंतोलीत नऊ दिवस भरती होती.

तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मी विसरली नाही. फ्लूचा विषाणू श्वासनळीचं आतलं अस्तर सोलून काढतो, आणि घशात एरवी गुपचूप बसलेल्या जिवाणूंना खाली फुफ्फुसात जायला रस्ता मोकळा होतो. म्हणून ताप उतरून दोन दिवस बरं वाटतं आणि मग पलटून येतो. कोविडच्या त्या लाटांमध्ये बऱ्याचदा तो विषाणूच दोन्ही फुफ्फुसांना सूज आणायचा. म्हणजे वाट वेगळी, पण दोघंही पोचतात छातीतच. १९१८ च्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, तो फ्लूच होता हो, आणि त्यातले पुष्कळ लोक मागून आलेल्या न्यूमोनियानेच गेले.

चेहरा पाहून फ्लू की कोविड हे कोणालाच सांगता येत नाही, टेस्टच करावी लागते. आणि ती लवकर करावी लागते, कारण फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर खरा फायदा. माझी टेस्ट झाली सहाव्या दिवशी. नंतर मात्र रोगाचं नाव काय यापेक्षा श्वास कसा चालला आहे हे पाहायचं. मी आजारी असली की आमचे हे रात्री माझ्याजवळ बसतात, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट माझी छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजतात आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतात. सोळा-अठरा असेल तर झोपतात. चोवीसच्या वर गेलं किंवा मशीनवर ९४ च्या खाली आलं तर डॉक्टरांना फोन, मग रात्रीचे दोन का वाजेना. आणि घरातल्या फार म्हाताऱ्या माणसांना तर तापही येत नाही कधी कधी, आमच्या सासूबाई नुसत्या गुंगीत होत्या आणि असंबद्ध बोलत होत्या, तोच न्यूमोनिया होता.

फ्लूची लस मी आता दरवर्षी पावसाळ्याआधी घेते, विषाणू बदलत राहतो म्हणून दरवर्षी. न्यूमोनियाचीही घेतली. ती माझ्या नातीला सरकारी दवाखान्यात दीड महिन्याची असताना, मग साडेतीन महिन्यांची असताना आणि नवव्या महिन्यात फुकट मिळाली, २०२१ पासून देशभरातल्या बाळांना मिळते, फार चांगली गोष्ट आहे. पण तिच्या आजीने विचारलं तर मोठ्यांसाठी नाही म्हणाले, बाहेरून घ्या. मी घेऊ शकली. आमच्याकडे भांडी घासायला येणारी मावशी माझ्याच वयाची, तिलाही दमा आहे, चुलीच्या धुरात आयुष्य गेलं तिचं. ती कुठून आणणार हजारो रुपये? साठीच्या वरच्या दमा-शुगरवाल्यांना ही लस मनपाच्या दवाखान्यात मिळावी, एवढं आपल्या पेपरने लावून धरावं, ही कळकळीची विनंती.

पोळ्याच्या पाडव्याला आपण मारबतीचा पुतळा मिरवत साऱ्या नागपूरभर "रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडतो, आणि पावसाळ्यातला फ्लू नेमका त्याच सुमारास जोरात असतो. मग आठवड्याभरातच महालक्ष्म्या. यंदा त्या आमच्याकडे आहेत, सगळ्यांना आमंत्रण आहे. फक्त ज्यांना ताप-खोकला असेल त्यांनी आदल्या दिवशी फोन करावा, मी डबा घरपोच पाठवीन, आंबिलीसकट.

आपली एक वाचक,
मानेवाडा, नागपूर