कुत्रा कोणाच्या बाजूचा?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर आपल्या वाचकांत जो वाद चालू आहे, त्यात एका बाजूने दुसऱ्याला निर्दय म्हणावे आणि दुसऱ्याने ‘श्वानप्रेमी’ हा शब्दच शिवीसारखा वापरावा, इतका कडवटपणा आला आहे. त्यासंबंधी थोडे लिहावेसे वाटते.

आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक तांबूस कुत्री बसते. तिच्या कानाच्या टोकाला एक खाच आहे. तळमजल्यावरचे वयस्कर गृहस्थ रोज सकाळी तिच्यासाठी पाण्याचे भांडे भरून ठेवतात. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या सात वर्षांच्या मुलाला मागे दुसऱ्याच एका कुत्र्याने पोटरीला चावा घेतला होता. तेव्हापासून फाटक जवळ आले की त्या एवढ्या मोठ्या मुलाला उचलून कडेवर घेतात. दोघांची भावना मला खरी वाटते, आणि तरीही इमारतीच्या बैठकीतील वादानंतर ते एकमेकांशी बोलत नाहीत. त्या खाचेबद्दल गृहस्थांची समजूत अशी होती की कोणीतरी क्रूरपणे तिचा कान कापला असावा, तर बाईंना वाटत होते की ही कुत्री भांडखोर असली पाहिजे. निर्बीजीकरण झालेला कुत्रा ओळखू यावा म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच ही खूण करतात, हे दोघांनाही माहीत नव्हते.

आपल्या भाषेतही हाच दुभंग आहे. ‘इमानी’ म्हणून ज्या प्राण्याचा दाखला द्यायचा, त्याचेच नाव प्रतिस्पर्ध्याला हिणवण्यासाठी घ्यायचे, आणि वाईट मरणाला ‘कुत्र्याची मौत’ म्हणायचे. राजकारणाने या दोन्ही भावनांचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. २३ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विरोधकांचे आरोप परतवताना आपल्या ‘फाला’ या कुत्र्यालाच भाषणात आणले, आणि बरोबर आठ वर्षांनी, त्याच तारखेला, राजकीय निधीवरून अडचणीत आलेल्या निक्सन यांनी मुलींना भेट मिळालेला ‘चेकर्स’ हा कुत्रा परत करणार नाही असे दूरचित्रवाणीवरून सांगून उपाध्यक्षपदाची उमेदवारी वाचवली. उलट १९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी आपल्या बीगल जातीच्या कुत्र्याला कान धरून उचलल्याचे छायाचित्र छापून आले, तेव्हा लोक संतापले. जानेवारी २००७ मध्ये रशियातील सोची येथे अध्यक्ष पुतिन यांची ‘कोनी’ ही लॅब्रॅडॉर कुत्री जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सलर अँगेला मर्केल यांच्याजवळ येऊन हुंगू लागली, त्या प्रसंगाचे चित्र मला विसरता येत नाही. मर्केल यांना कुत्र्यांची भीती वाटते. ओठ घट्ट मिटून त्या खुर्चीत ताठ बसल्या आहेत आणि शेजारी यजमान निवांत हसत आहेत. कोनीने काहीच वावगे केले नव्हते, पण त्या खोलीत तिच्यामुळे एका माणसाचे पारडे जड झाले होते. पाळीव कुत्रा नेत्याला माणुसकीचा दाखला मिळवून देतो आणि वेळ आली तर धाक दाखवायलाही उपयोगी पडतो.

भटक्या कुत्र्याला असा धनी नसतो. १९१० मध्ये इस्तंबूलमधील हजारो कुत्री पकडून मार्मारा समुद्रातील एका ओसाड बेटावर सोडण्यात आली आणि तिथे ती भुकेने व तहानेने मेली. त्याच तुर्कस्तानने २००४ मध्ये निर्बीजीकरण करा, लस द्या आणि मूळ जागी सोडा असा कायदा केला. परंतु स्थानिक प्रशासनांनी हे काम रेंगाळत ठेवले, आणि २०२४ मध्ये कुत्री रस्त्यावरून उचलून निवारागृहांत नेण्याचा नवा कायदा झाला. बाजूने आणि विरोधात दोन्हीकडून लोक तावातावाने बोलले. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील भटकी कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिला आणि २२ तारखेला तो बदलून, रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. त्या अकरा दिवसांत चर्चा झाली ती बहुतांशी कुत्री हवीत की नकोत याची. शस्त्रक्रिया कोण करणार, पशुवैद्य किती आहेत, हे फारसे कोणी विचारले नाही.

खरे काम तिथेच आहे. माणसांना होणाऱ्या रेबीजच्या सुमारे ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांकडून येतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. त्यामुळे त्या आईची भीती कोणी हसण्यावारी नेऊ नये. परंतु एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना सातत्याने लस दिली तर प्रसाराची साखळी तुटते, हेही तितकेच प्रस्थापित आहे. लस दिलेली कुत्री हटवली आणि कचरा, उष्टे-खरकटे तसेच राहिले, तर मोकळ्या झालेल्या जागी लस नसलेली कुत्री येतात आणि आधीचे श्रम पाण्यात जातात. मेक्सिकोने वर्षानुवर्षे मोफत सामूहिक लसीकरण चालवले. कुत्र्यांपासून माणसांना होणारा रेबीज संपवल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रथम त्याच देशाला दिली. अशा कामाला वर्षे लागतात, दरवर्षी निधी लागतो आणि त्याचे एकच एक छायाचित्र काढता येत नाही. म्हणूनच, माझ्या मते, कोणत्याही पक्षाला ते आपलेसे वाटत नाही.

आपल्या वृत्तपत्राने एक गोष्ट करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कुत्र्यांविषयी कोणी लोकप्रतिनिधी बोलला की त्याच्या विधानाशेजारी त्याच्या भागात गेल्या वर्षी किती कुत्र्यांचे निर्बीजीकरण झाले, कितींना लस दिली आणि चावा घेतलेल्यांसाठी लस दवाखान्यात किती दिवस उपलब्ध नव्हती, हे आकडे छापावेत. आणि आकडे मिळाले नाहीत तर तसे छापावे.

फाटकाशी बसणाऱ्या त्या कुत्रीच्या कानावरची खाच निर्बीजीकरणाची साक्ष देते, पण लस वेळेवर दिली जाते की नाही ते तिच्यावरून कळत नाही. गृहस्थ आणि त्या बाई या दोघांच्याही वतीने मी संबंधित कार्यालयाला तशी लेखी विचारणा केली, त्याला तीन आठवडे झाले. उत्तर अजून आलेले नाही.

आपला,
एक वाचक