वडील कुठे आहेत, हे तिने किती खिडक्यांवर सांगायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फाळणीनंतर जरीपटक्यात आलेली सिंधी कुटुंबे कधीच नागपूरची झाली. पण सिंधमधून कुटुंबे त्यानंतरही येत राहिली. आमच्या गल्लीतही असे एक कुटुंब दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहते: आई, नऊ वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा. मी निवृत्त शिक्षिका. त्यांच्यासोबत बऱ्याच कचेऱ्या फिरले.

मुलाचे लसीकरणाचे कार्ड अरबी लिपीतल्या सिंधीत. एका दवाखान्यात ते बाजूला सारले आणि लसी पहिल्यापासून धरायला निघाले. खरे तर पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचे, डोस तिकडेही आपल्यासारखेच सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला देतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काकांनी दहा मिनिटांत अख्खे कार्ड देवनागरीत उतरवून दिले. दवाखान्याने ते मानले, पण अंगणवाडीत पुन्हा तोच वाद.

मुलीचे हाल वेगळेच. आईला मराठी कळत नाही, म्हणून बोलायचे हिनेच. शाळा, दवाखाना, व्हिसाचे काम, सगळीकडे एकच प्रश्न: वडील कुठे? ते तिकडेच वारले. चौथ्या खेपेला ती गप्प राहिली, माझा पदर धरून. शाळा तिला दाखला नाही म्हणून पहिलीत बसवत होती. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधले वयानुरूप वर्गाचे कलम दाखवले, तेव्हा चौथीत घेतले.

या कचेऱ्यांनी एकमेकींशी बोलावे. गरोदर बाईजवळ जच्चा-बच्चा कार्ड असते, तशी एक वही या कुटुंबांना द्यावी: लसी, इयत्ता, घरातली भाषा, वडील नाहीत एवढी एक ओळ. वही आईजवळ राहील, कोणाला दाखवायची ते तीच ठरवील.

मात्र सगळ्यांना सगळे कळायला नको. एकदा व्हिसाची प्रत वर्गात टेबलावर उघडी राहिली, पोरांनी ‘पाकिस्तान’ वाचले. पुढचे तीन दिवस ती शाळेत गेली नाही. शाळेला तिचे वय आणि इयत्ता पुरे. व्हिसा आणि पोलीस चौकशीचे कागद तिथे कशाला?

अशा कुटुंबांना नागरिकत्व देण्याचे अधिकार केंद्राने २०१६ मध्ये ज्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत नागपूर होते. या घरांची माहिती त्या कचेरीत आहेच. वहीची सुरुवात तिथूनच व्हावी, आणि येत्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी व्हावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जरीपटका, नागपूर