मित्रास पत्र : ‘ओन्ली’ आणि आपला ‘च’

फोंडा, गोवा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गोव्याची माणसे इंग्रजी बोलताना वाक्याला ‘ओन्ली’चे शेपूट का लावतात, असे तू थट्टेने विचारले आहेस. नेमके गेल्याच आठवड्यात नातीच्या वहीत ‘वी लिव्ह हियर ओन्ली’ या वाक्याखाली शिक्षिकेने ओढलेली तांबडी रेघ पाहिली आणि तेव्हापासून हा शब्द डोक्यातून गेलेला नाही.

नातीच्या मनात होते कोंकणीतले ‘आमी हांगाच रावतात’, म्हणजे ‘आम्ही इथेच राहतो’. या ‘च’ची कामे दोन. ‘मला चहाच हवा’ म्हटले की कॉफी बाद होते. परंतु ‘मी येतोच’ यात काहीच बाद होत नाही, तेथे तो केवळ खात्री देतो. ‘ओन्ली’चे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘एक’ या शब्दात असल्यामुळे इतरांना वगळणे हे त्याचे मुख्य काम, आणि आपण मात्र त्याच्यावर ‘च’चे दुसरे कामही लादतो. अर्थात इंग्रजही काही अगदी सोवळे नाहीत, कारण ‘ओन्ली यस्टरडे’ म्हणजे सरळ आपले ‘कालच’. पण तेथे तो शब्द आधी येतो, म्हणून तांबडी रेघ टळते.

खरी गंमत जागेची आहे. ‘ही ओन्ली ईट्स फिश ऑन फ्रायडेज’ हे वाक्य नुसते वाचले, तर तो गृहस्थ शुक्रवारी मासेच खातो की शुक्रवारीच मासे खातो, हे कळत नाही. बोलताना आवाजाचा जोर ते सांगतो, कागदावर जोर उमटत नाही. आपला ‘च’ ज्याचा त्याला चिकटतो, त्यामुळे हा घोळ आपल्याकडे होत नाही. याबाबतीत मराठी सरस आहे, असे मला निःसंकोच वाटते.

आणखी एक साम्य पाहा. ‘मात्र’ म्हणजे ‘फक्त’ आणि ‘मात्र’ म्हणजे ‘पण’. इंग्रजीतही ‘आय वुड कम, ओन्ली इट इज रेनिंग’ यात ‘ओन्ली’ हा ‘पण’च होतो. दोन दूरच्या भाषांना एकच वाट कशी सापडली असेल? धनादेशावर आपण अक्षरी रकमेपुढे लिहितो तो ‘फक्त’ तर अरबीतून आलेला.

नातीला मी ‘राईट हियर’ लिहायला सांगितले. तिने विचारले, “आजो, उजवीकडे कित्याक (कशाला)?” याचे उत्तर सुचले तर कळव.

तुझा स्नेहांकित