फादर, दादाच्या दफनाला आल्याबद्दल

आदरणीय फादर,

दादाला मातीआड केलं त्या दिवशी तुमच्याशी धड बोलताही आलं नाही, म्हणून हे पत्र. उघड लिहितेय, कारण जे आले नाहीत त्यांनीही ते वाचावं असं मला वाटतं.

माझ्या भावाने एका माणसाचा जीव घेतला. त्यात झाकण्यासारखं काही नाही. शिक्षा भोगतानाच तो आजारपणात गेला. "सुटलात एकदाचे," असं आम्हाला तोंडावर सांगणारे नातेवाईक निघाले. दरवर्षी नाताळात आमच्या घरी गाणी म्हणायला येणाऱ्यांपैकी कोणी फिरकलं नाही. ज्यांच्याकडे आम्ही आधी गेलो ते धर्मगुरू म्हणाले, "पहाटे उरकून घ्या, उगाच चर्चा नको." उरकून घ्या! तो शब्द आईच्या जिव्हारी लागला, अजून तिथेच आहे.

तुम्ही मात्र भर दिवसा आलात. शवपेटी बंद करायच्या आधी तुम्हाला दिसलं की दादाच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण उघडंच राहिलंय. आमच्या कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. तुम्ही प्रार्थनेचं पुस्तक काखेत धरलंत आणि दोन्ही हातांनी ते लावायला घेतलंत. शर्ट नवा होता, काज घट्ट होतं, बटण जाईना. तुम्ही घाई केली नाहीत. मग कॉलर सारखी केलीत आणि कपाळावर क्रूस काढलात. आई टक लावून बघत होती. अटक झाल्यापासून दादाला लागलेले बहुतेक हात त्याला धरायला नाहीतर ढकलायला पुढे आलेले होते, फादर.

प्रार्थनेत तुम्ही त्या मारल्या गेलेल्या माणसाचं नाव आधी घेतलंत, मग दादाचं. त्यासाठी तर मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. दादाचा गुन्हा तुम्ही तसूभरही लहान केला नाहीत, आणि त्या गुन्ह्यापायी दादालाही लहान केलं नाहीत.

आमच्यापासून तोंड फिरवणारेही हेच बायबल वाचतात. काइनाने सख्ख्या भावाला मारलं. देवाने त्याला शिक्षा केली, पण कोणी त्याचा जीव घेऊ नये म्हणून त्याच्यावर खूणही केली. लूकच्या शुभवर्तमानात येशू शेजारच्या वधस्तंभावरच्या अपराध्याला म्हणतो, "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील." त्या माणसापाशी झालेलं नुकसान भरून द्यायला, सुधारून दाखवायला वेळच उरला नव्हता. दादा पत्रांतून पुन्हा पुन्हा त्याच्याबद्दलच लिहायचा. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १९८१ साली गोळ्या झाडणाऱ्याला त्यांनी १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन भेट दिली, त्याच्याजवळ बसून बोलले. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझममधला, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथातला, फाशीवरचा परिच्छेद बदलला, तेव्हा चर्चने स्पष्टच लिहिलं की अतिशय गंभीर गुन्हा केल्यावरही माणसाची प्रतिष्ठा नष्ट होत नाही. हे सगळं छापलेलं आहे, उपदेशातही येतं. पण दारात तशी शवपेटी आली की कितीजणांना आठवतं? तुम्हाला आठवावंही लागलं नाही. तुमच्यासारखी सरळ मनाची माणसं अजून आहेत, म्हणूनच आमच्यासारखी घरं तग धरतात.

त्या दुसऱ्या कुटुंबासमोर उभं राहायचं धैर्य आमच्यात नाही, आणि क्षमा मागून त्यांची जखम उघडी करायचा हक्कही नाही. त्यांच्या माणसासाठी मिस्साची प्रार्थना अर्पण करावी, एवढी आईची विनंती आहे.

आणि माझी एक. ज्यांना भेटायला कोणीच येत नाही अशा कैद्यांबद्दल तुम्ही बोलला होतात. पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा मला बरोबर न्या. परवानगीसाठी काय कागद लागतात ते कळवा, मी तयार ठेवते.

तुमची,
दादाची धाकटी बहीण