देहदंड, बायबल आणि ख्रिस्ती श्रद्धा

संपादक महोदय,

देहदंडाची चर्चा सुरू झाली की ख्रिस्ती मंडळींचा वाद बहुधा दोनच वचनांभोवती फिरतो. एक पक्ष ‘खून करू नको’ ही आज्ञा पुढे करतो, तर दुसरा बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील रक्ताला रक्त हा न्याय. मी देहदंडाच्या विरोधात आहे, तरी पहिल्या पक्षाचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. कारण मोशेच्या ज्या नियमशास्त्रात ती आज्ञा आहे, त्याच नियमशास्त्रात खुनापासून शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) मोडण्यापर्यंत अनेक अपराधांना मृत्यूची शिक्षा सांगितलेली आहे. अर्थात, फाशीचे समर्थकही आज शब्बाथ मोडणाऱ्याचा जीव घ्या असे म्हणत नाहीत, म्हणजे वचनांची निवड त्यांनीही केलेलीच आहे. शिवाय किमान दोन साक्षीदार हवेत आणि पहिला हात साक्षीदारांनीच उचलावा, ही बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातील अट त्यांच्या बोलण्यात क्वचितच येते.

चर्चने देहदंडाला नेहमीच विरोध केला, हा दावाही इतिहासाला धरून नाही. समाजाला घातक ठरणाऱ्या गुन्हेगाराला मारणे तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी समर्थनीय ठरवले होते. पोपच्या राज्यात जोव्हान्नी बुगात्ती हा जल्लाद 1796 ते 1864 या काळात नोकरीवर होता आणि त्याच्या हातून पाचशेहून अधिक माणसांना देहदंड दिला गेला. व्हॅटिकनच्या स्वतःच्या कायद्यातूनही ही शिक्षा 1969 मध्येच गेली. पुढे 1995 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिची खरी गरज जवळजवळ उरलेलीच नाही असे लिहिले आणि 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथोलिक धर्मशिक्षणात बदल करून ती अस्वीकार्य ठरवली. हा बदल उशिरा झाला, पण योग्य झाला.

बायबलमधील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकारी उगीच तलवार धरत नाही असे प्रेषित पौल म्हणतो, हे खरेच. पण त्यातून राज्यसत्तेचा दंड देण्याचा अधिकार सिद्ध होतो, मृत्यूच दिला पाहिजे असे बंधन नव्हे. हे लिहिणारा पौल ख्रिस्ती होण्यापूर्वी स्वतः स्तेफन या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याच्या हत्येला संमती देऊन उभा होता, आणि त्याच्या पश्चात्तापाला वेळ मिळाला नसता तर हे पत्रही लिहिले गेले नसते. येशूच्या दोन्ही बाजूंना वधस्तंभावर टांगलेल्या दोघा गुन्हेगारांपैकी एका चोराला अखेरच्या घटकेत तारण मिळाले, मग फाशीने पश्चात्तापाची वाट कुठे बंद होते, असे काही जण विचारतात. परंतु त्या दोघा गुन्हेगारांच्या मधोमध जो टांगला होता, त्या येशूत दोष सापडत नाही असे रोमन सुभेदार पिलाताने वारंवार सांगूनही गर्दीपुढे मान तुकवून त्याला मृत्यूच्या हवाली केले होते. निरपराधाला रीतसर दिलेला देहदंड ज्यांच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी आहे, त्यांनी तरी न्यायासनाच्या अचूकपणावर एवढी भिस्त ठेवू नये.

पीडितांच्या नातेवाइकांचे काय, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही, आणि आमची प्रवचने तो सहसा टाळतात. पाचव्या शतकाच्या आरंभी विरोधी पंथाच्या लोकांनी एका धर्मगुरूला ठार मारले आणि दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडले. बळी उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांच्याच बाजूचे होते. तरीही त्यांनी न्यायाधिकारी मार्सेलिनस यांना पत्र लिहून विनंती केली, की या अपराध्यांना तशाच यातनांनी शासन करू नये. त्यांचे हातपाय धड ठेवून त्यांना एखाद्या उपयोगी कामाला लावावे.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक